आत्या 'नो' म्हणाली

कोलार अलार्म कंपनी
८ सप्टेंबर २००८

प्रिय आत्या,

कंपनीच्या कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस. घरातला कागद संपलाय. आणि खरं सांगायचं तर हे पत्र निम्मं तुझ्या भाचीचं आहे आणि निम्मं कंपनीच्या मालकिणीचं.

उन्हाळ्यापासून तुझ्या घरचा अलार्म तीनदा वाजला. पहिल्या दोन वेळा तू चर्चमध्ये होतीस. फोन कोणी उचलला नाही, म्हणून पोलीस आले, घराला प्रदक्षिणा घालून गेले. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही. तिसऱ्या खेपेला तू घरी होतीस. आमच्या मार्सेलाने फोनवर तुला विचारलं, गार्थला विचारलं, दोघांनीही 'कोणी नाही' म्हटलं, आणि तिने पोलिसांना थांबवलं. तिन्ही वेळा स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं गेलं होतं. आमचा माणूस त्या दारावरचं यंत्र तपासून गेला. ते ठणठणीत आहे.

मी नगरपालिकेच्या नियमांनी बांधलेली आहे, आत्या. अलार्म वाजला की थेट पोलिसांना पिटाळायची आम्हाला मुभा नाही. आधी घरी फोन करायचा, खुणेचा शब्द विचारायचा, मग दुसऱ्या नंबरावर फोन करायचा. हार्लन काका गेल्यावर तो दुसरा नंबर तूच त्यांच्या मुलाचा, गार्थचा दिलास. दोन्हीकडून 'सगळं ठीक' आलं की पोलिसांना परत फिरवायचं. मग अलार्म खोटा का वाजला ते शोधायचं, ग्राहकाला शिकवायचं, आणि चूक कोणाची, यंत्राची, आमची की ग्राहकाची, ते वर कळवायचं. वर्षात चार खोटे अलार्म झाले की ते घर पोलिसांच्या खिजगणतीत उरत नाही. मग भोंगा कितीही बोंबलला तरी चोराला डोळ्यांनी पाहणारा माणूस असल्याशिवाय गाडी निघत नाही. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट नगरपालिकेने कायद्यात बसवली आहे म्हण ना.

तेव्हा कृपा करून मागचं दार नीट लावत जा. जे काय होतंय ते मला मोकळेपणाने सांग.

मार्सेला फोनवर तुला 'दोब्री देन' म्हणते की नाही? जुन्या चेक मंडळींना बरं वाटावं म्हणून सगळ्या मुलींकडून मी तेवढा नमस्कार घोकून घेतलाय. आजोबांच्या चेक भाषेतलं मला स्वतःलाही त्याहून फारसं येत नाही, पण धंद्याला बरं पडतं.

तुझी,
रेनाता

---

वेसेली, नेब्रास्का
१५ सप्टेंबर

रेनाता बाळ,

निम्म्या भाचीला माझा पापा आणि निम्म्या मालकिणीला राम राम.

पोलीस नुसते प्रदक्षिणा घालून गेले हे तुला कोणी सांगितलं? त्यातला तो जाड्या माझ्या ओट्यावरचे दोन कोलाच, माझ्या हातचे गोड पाव, गट्ट करून गेला, आणि मी चर्चमधून परतले तर वर मलाच विचारतो, आलुबुखाराचे आहेत का म्हणून. भोंगा वाजला की माझे हंस असे कोकलतात की भोंग्यालाच लाज वाटावी. तुझं ते यंत्र काढून टाकलं आणि दर महिन्याला हंसांनाच दाणा वाढवला तर मला स्वस्त पडेल.

तुझी मार्सेला गोड पोर आहे. 'दोब्री देन' म्हणाली तेव्हाच मी ओळखलं, ही आपल्यातली. माझ्या तोंडची भाषा विटून गेली होती गं. हार्लनसमोर कधी बोलले नाही, गार्थ तर नाक मुरडतो, 'ते तुमचं गुरगुरणं' म्हणतो. म्हणून मी त्या पोरीशी आपल्यातल्यासारखीच बोलले. तिने जे विचारलं ते मी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं. तरी पोलीस का आले नाहीत, ते उलट तूच मला सांग.

जाऊ दे. म्हातारीच्या बोलण्याचं काय घेऊन बसलीस.

परवा माझा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. त्याआधी बँकेचे कागद शिवणाच्या टोपलीत. मी स्वतः तिथे ठेवलेले मला आठवत नाहीत. गार्थ म्हणाला, 'आई, तुम्ही दमलाय.' हल्ली वरचेवर येतो तो. मी त्याची सख्खी आई नाही, त्यानेही मला कधी तसं मानलं नाही. पण हार्लनला मी शेवटच्या दिवशी शब्द दिला होता, की तुमच्या मुलाला मी परकं म्हणणार नाही. दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

दार मी नीट लावते. पूर्वीही लावतच होते.

तुझी आत्या,
व्लास्ता

---

कोलार अलार्म कंपनी
६ ऑक्टोबर

आत्या,

या वेळी थट्टा नको. शुक्रवारी दुपारी चौथा अलार्म झाला.

मार्सेलाने तुला फोन केला. खुणेचा शब्द तू बरोबर सांगितलास. तिने विचारलं, 'घरात कोणी शिरलंय का?' तू म्हणालीस, 'नो, नो.' तिने विचारलं, 'पोलिसांना पाठवू का?' तू म्हणालीस, 'नो, नो, नो!' याहून स्वच्छ बोलायचं ते काय राहिलं? तरी तिने नियमाप्रमाणे गार्थला फोन केला, तो दहा मिनिटांनी लागला. तो शहरात ऑफिसात होता. तो म्हणाला, 'म्हातारीने पुन्हा घोळ घातलेला दिसतोय, सोडून द्या.' तिने सोडून दिलं. मी नगरपालिकेला लिहून पाठवलं, 'ग्राहकाची चूक'. चारही वेळा हेच लिहावं लागलं मला. आजपासून तुझ्या अलार्मसाठी पोलिसांची गाडी निघणार नाही. पन्नास घरांना मी हे पत्र धाडलं असेल आजवर. सख्ख्या आत्याला धाडताना हात जड झाला.

तू लिहितेस, 'मी सांगितलं, पोलीस का आले नाहीत?' आत्या, रागावू नकोस. पण तू काय सांगितलंस ते तुला खरंच आठवतं का?

गार्थचा मला फोन आला होता. तुझी देखभाल आणि तुझे व्यवहार त्याच्या हाती द्यावेत असा अर्ज त्याने न्यायालयात केलाय. २० नोव्हेंबरला सुनावणी आहे. तू हे मला का कळवलं नाहीस? माझ्या कंपनीने चार खोट्या अलार्मांचं निवेदन द्यावं असं त्याच्या वकिलाचं म्हणणं आहे. कायद्याने मागितलं तर मला द्यावं लागेल, आणि जे घडलं तेच लिहावं लागेल. तुझ्यासाठी खोटं लिहिलं तर माझा परवानाही जाईल आणि तुझं घरही वाचणार नाही.

मला वाटतं, आपण एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवावं. मी तुझ्यासोबत येईन.

रेनाता

---

वेसेली
१४ ऑक्टोबर

रेनाता,

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. शेजारच्या आगाताच्या हाती देते आहे, ती शहरात मुलीकडे निघालीय. गार्थ म्हणतो, पेटीपर्यंत चालत जायचा त्रास कशाला, तुमची पत्रं मी टाकत जाईन. टाकायच्या आधी तो ती वाचतो.

तू डॉक्टरचं लिहिलंस ते वाचून मी ओसरीवर जाऊन बसले. राग नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं. भीती वाटली.

काय झालं ते एकदा सरळ सांगते. त्या शुक्रवारी जेवून मी आडवी झाले होते. मागचं दार उघडलं, भोंगा सुरू झाला, हंस कोकलायला लागले. फोन घेऊन मी सामानाच्या कोठीत शिरले आणि दार आतून ओढून घेतलं. बाहेर कोणीतरी चालत होतं. घाईत नव्हतं. चोर असा चालत नाही, रेनाता. त्याने हार्लनच्या टेबलाचा खण उघडला. तो खण उघडताना रडतो, मला तो आवाज माहीत आहे. तेवढ्यात फोन वाजला. मी पदराखाली धरावा तसा तो एप्रनखाली धरला, आणि तुझी पोरगी म्हणाली, 'दोब्री देन.' माझा जीव भांड्यात पडला. तिने विचारलं, कोणी शिरलंय का? मी सांगितलं, आहे. पोलीस पाठवू का? मी सांगितलं, पाठव. मोठ्याने बोलता येत नव्हतं. पण मी सांगितलं. कोठीत बसून मी गाडीची वाट पाहत राहिले. गाडी आली नाही. भोंगा आपोआप थांबला. मागचं दार लागल्याचा आवाज आला.

तासाभराने गार्थ पुढच्या दाराने आला. म्हणाला, 'शहरातून धावतपळत आलो. आई, कंपनीवाल्यांना तुम्हीच सांगितलंत की घरात कोणी नाही.' मी म्हटलं, मी असं म्हटलं नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मीच नजर खाली घातली.

आणि आता तूही तेच लिहितेस.

गार्थ एकटा म्हणाला असता तर मी त्याला खोटारडा म्हणाले असते. पण तू खोटं बोलत नाहीस. लहानपणी काच फोडलीस तेव्हासुद्धा आपण होऊन येऊन सांगितलं होतंस. मग उरतं काय? मी 'आहे' म्हणते आणि माझ्या तोंडून 'नाही' बाहेर पडतं. चष्मा पिठात ठेवते आणि विसरते. माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती, तुला आठवत असेल. मला तसं व्हायचं नाही गं. त्यापेक्षा मरण बरं.

तो माणूस कोण होता ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं, असंही म्हण. शब्द दिलेला होता.

पहिल्या तारखेपासून गार्थ इथे राहायला येतोय. त्याच्या वकिलाने एक कागद ठेवलाय. त्यावर सही केली तर न्यायाधीशापुढे जायलाच नको, लाज राहील, म्हणतो. घर विकून मला शहरातल्या त्या वृद्धांच्या जागेत ठेवायचं आहे. तिथे हंस ठेवता येत नाहीत. मी अजून सही केलेली नाही. पण माझ्या डोक्याचाच जर भरवसा उरला नसेल, तर कोणाच्या जोरावर नाही म्हणू?

तुझी आत्या

---

शहर
३ नोव्हेंबर

आत्या, माझी आत्या,

हे पत्र कोलाचांच्या खोक्यात, तळाच्या कागदाखाली ठेवते आहे. वरचे थर चेरीचे आणि चीजचे, सगळ्यात खाली खसखशीचे. आगाता दारात देऊन जाईल. वाच आणि लगेच चुलीत घाल. आधी एकच वाक्य वाच, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

तुझं डोकं शाबूत आहे. चूक माझी आहे.

काल चर्चच्या मंडपात हंसाचं जेवण होतं. मी वाढायला उभी होते. बोहुमिल काका समोर आले, नव्वदीचे झालेत, अजून काठी घेत नाहीत. मी विचारलं, 'अजून एक डंपलिंग वाढू का, काका?' ते म्हणाले, 'नो, नो.' मी चमचा मागे घेतला आणि पुढच्या ताटाकडे वळले. तर त्यांनी माझं मनगटच धरलं! 'ए पोरी, म्हाताऱ्याची चेष्टा करतेस? नो म्हटलं ना मी!' मी म्हटलं, 'म्हणून तर नाही वाढलं.' रांगेतले सगळे म्हातारे हसत सुटले. बोहुमिल काका म्हणाले, 'कोलारांची नात आणि हिला एवढंही ठाऊक नाही! अगं, आपल्या भाषेत नो म्हणजे हो. हो तर, वाढ की, असं.'

आत्या, माझ्या हातातला चमचा कोबीच्या भांड्यात पडला. मी तशीच ऑफिसला गेले.

आमच्याकडे प्रत्येक फोनचं ध्वनिमुद्रण असतं. मार्सेलाने लिहिलेला एका ओळीचा सारांश वाचून मी तुला 'ग्राहकाची चूक' ठरवलं होतं. तुझा आवाज काल पहिल्यांदा ऐकला. 'घरात कोणी शिरलंय का?' 'नो, नो.' किती घाबरलेला आवाज होता तो. नाही म्हणणारं माणूस असं बोलत नाही. ज्याला भाषा येत नाही त्यालाही ते कळलं असतं, फक्त कोणीतरी ऐकायला हवं होतं. 'पोलिसांना पाठवू का?' 'नो, नो, नो!' तू दबल्या आवाजात, जीव तोडून मदत मागत होतीस, आणि आम्ही 'धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो' म्हणून फोन ठेवला.

आणि हे सगळं कशामुळे, तर माझ्या त्या दीडशहाण्या 'दोब्री देन'मुळे. ती पोर आपल्यातली नाही गं. तिचे लोक आयर्लंडचे. तिला ते दोनच शब्द येतात, आणि तेही मीच शिकवलेले. मी तिला दार उघडायला शिकवलं आणि दारातून येणारं माणूस ओळखायला शिकवलं नाही. मार्सेला काल इतकी रडली की मला माझं रडणं आवरावं लागलं.

आता दुसरा फोन. गार्थला केलेलाही ऐकला, तोही दोनदा. तो सांगतोय, 'मी शहरात ऑफिसात आहे.' आणि त्याच्या बोलण्यामागे, लांबून, दार बंद केल्यासारखा दबलेला, पण स्पष्ट, तुझ्या हंसांचा कोकलाट आहे. ऑफिसात कोणी हंस पाळत नाही. तो तुझ्या अंगणात, आपल्या गाडीत काचा वर करून बसला होता. किल्ली त्याच्याकडे आहे. मुद्दाम भोंगा वाजू द्यायचा, दुसऱ्या फोनवर आपणच 'सोडून द्या' म्हणायचं, आणि चार खोटे अलार्म झाले की म्हातारीच्या नावाने बोंब मारायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कायद्याने दोन फोन सांगितले, आम्ही दोन्ही केले. एकीकडे तुझं खरं आम्हाला कळलं नाही, दुसरीकडे त्याचं खोटं पटलं.

मी आज नगरपालिकेला लिहून दिलंय, की शेवटचे दोन अलार्म खोटे नव्हते आणि चूक कंपनीची होती. परवान्याचं काय होईल ते होवो. जे ग्राहकाच्या माथी मारलं ते परत माझ्या माथी घेणं, तेवढं तरी माझं कर्तव्य आहे.

पण न्यायाधीशासाठी एवढं पुरत नाही. मी माझ्या वकिलाला विचारलं. गार्थने कोर्टाला सांगून ठेवलंय की तुला कोणाला भेटायचं नाही, कोर्टात यायचं नाही. तू स्वतः लेखी म्हणाल्याशिवाय शेरीफचा माणूस घरात येणार नाही. आणि तुझं प्रत्येक पत्र गार्थच्या हातून जातं. तेव्हा असं करू. मी टपालाने कंपनीचं एक रुक्ष पत्र पाठवते. त्यात प्रश्न असतील. गार्थला वाचू दे, मोठ्याने वाचू दे. तू उत्तर दे, आपल्या भाषेत. कोर्टात चेक जाणणारा दुभाषी शपथेवर अर्थ सांगतो, ती सोय कायद्यातच आहे.

त्या वकिलाच्या कागदावर सही करू नकोस. तू शब्द दिलास तो मुलाला परकं न म्हणण्याचा. त्याला घर लुटू देण्याचा नव्हे.

माझं चुकलं, आत्या. मी तुला डॉक्टर दाखवायला निघाले होते.

रेनाता

---

वेसेली
७ नोव्हेंबर

कुमारी कोलार,

आपण पाठवलेला खोका मिळाला. माझ्या सावत्र आईच्या प्रकृतीला गोड चालत नाही, त्यामुळे कोलाच मीच संपवतो आहे. उत्तम आहेत.

आपल्या पत्रांनी तिला त्रास होतो. ती फार गोंधळलेली असते. कंपनीचं काही काम असेल तर ते मोजक्या शब्दांत लिहावं, मी तिच्याकडून उत्तर लिहवून घेईन. घरगुती पत्रव्यवहार तूर्त थांबवावा, अशी नम्र विनंती आहे. २० तारखेसाठी आपलं निवेदन वकिलांकडे अजून पोहोचलेलं नाही.

गार्थ प्रुइट

---

कोलार अलार्म कंपनी
१० नोव्हेंबर

श्रीमती व्लास्ता प्रुइट यांस,

आपल्या पत्त्यावर चार वेळा अलार्म झाल्याने नियमाप्रमाणे कंपनीला आपलं लेखी म्हणणं घेणं भाग आहे. त्यानंतरच कंपनी २० तारखेसाठी आपलं निवेदन देऊ शकेल. खालील प्रश्नांची उत्तरं ग्राहकाने स्वतःच्या हाताने, थोडक्यात लिहावीत, आणि खाली एका साक्षीदाराची सही घ्यावी.

अलार्मची सेवा पुढे चालू ठेवावी का?

दुसऱ्या फोनसाठी सध्याचा नंबर काढून त्याजागी आपल्या भाचीचा नंबर घालावा का?

शेरीफच्या माणसाने येऊन घराची पाहणी करावी असं आपणास वाटतं का?

सुनावणीला स्वतः हजर राहून न्यायाधीशांशी बोलण्याची आपली इच्छा आहे का?

आपली,
रेनाता कोलार

ता. क. आत्या, गार्थ लिहितो की माझ्या पत्रांनी तुला त्रास होतो. तसं असेल तर पुन्हा लिहिणार नाही. फक्त एवढंच सांग, मी येऊ का?

---

वेसेली
१४ नोव्हेंबर

रेनाता,

तुझं कंपनीचं पत्र गार्थने मला दोनदा वाचून दाखवलं. माझा चष्मा पुन्हा हरवलाय. त्याने जुना शोधून दिला, म्हणून लिहिता येतंय. तो शेजारी बसलाय आणि ओळ संपली की मान डोलावतोय. मुलगा लक्ष ठेवतो माझ्यावर.

आधी खोक्याबद्दल. चेरीचे आणि चीजचे त्याने एका बैठकीत उडवले. खसखशीच्यांना हात लावला नाही, दातात अडकते म्हणतो. ते टाकायला मीच खोका मागे घेऊन गेले. टाकवेनात. दोन खाल्ले, बाकीचे हंसांना घातले. तळाचा कागद तेलकट झाला होता, तो चुलीत घातला. छान पेटला.

आता उत्तरं. थोडक्यात लिही म्हणालीस, थोडक्यात लिहिते.

अलार्मची सेवा चालू ठेवायची का? नो.

दुसऱ्या फोनला तुझा नंबर घालायचा का? नो.

शेरीफच्या माणसाने घर पाहायला यावं का? नो, नो.

न्यायाधीशापुढे उभं राहून मला बोलायचं आहे का? नो. या वयात, या पायांनी, भर कोर्टात, सगळ्यांसमोर. नो!

वकिलाचा तो कागद टेबलावरच आहे. हे पत्र झालं की त्याचं बघू, असं गार्थ म्हणतोय. मी म्हटलं, आज हात दुखतो, वीस तारखेनंतर बघू. तोही आता घाई करत नाही. म्हणतो, एवढं स्वच्छ उत्तर दिल्यावर त्या कागदाची गरजच काय.

बोहुमिलला सांग, मी वाढायला असते तर त्याचं ताट कधी मागे घेतलं नसतं.

आणि शेवटचं तू विचारलंस, मी येऊ का. रात्रभर विचार करून उत्तर लिहिते आहे, रागावून नाही. इतकी वर्षं हा शब्द मी दबल्या आवाजात बोलत आले. आज मोठ्या अक्षरांत लिहिते, म्हणजे तुला नीट वाचता येईल.

नो, रेनाता. नो, नो, नो.

व्लास्ता प्रुइट

वरील मजकूर श्रीमती प्रुइट यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने, आपल्या हाताने लिहिला आहे. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट आहे.
साक्षीदार: गार्थ प्रुइट